नाईन होल पेग टेस्टचा संच: घेताना काय पाहावं, वापरताना काय चुकतं

नऊ छिद्रांची पाटी, नऊ पेग (छोट्या गोल खुंट्या) आणि पेग ठेवायची उथळ वाटी, संचात एवढंच असतं. पेग एकेक करून छिद्रांत बसवायला आणि परत काढायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. स्टॉपवॉच बहुधा आपलं आपणच आणायचं. खेळण्यासारखी दिसणारी ही वस्तू मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या आजारांवरच्या संशोधनात हाताचं काम मोजण्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण बिघडवणारा आजार) यासाठीच्या एमएसएफसी या मापनसंचात २५ फूट चालण्याच्या आणि ऐकलेल्या आकड्यांच्या बेरजेच्या जोडीला ही चाचणी असते. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, म्हणजे लहान मेंदू झिजून तोल आणि हालचाली बिघडवणारा आनुवंशिक आजार, त्याच्या एससीएएफआय निर्देशांकात ८ मीटर चालणं, ‘पाटा’ हा शब्द १० सेकंदांत किती वेळा म्हणता येतो ते मोजणं आणि पुन्हा हीच पाटी असते. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या दुय्यम प्रगतिशील, म्हणजे हळूहळू वाढत जाणाऱ्या अवस्थेत नॅटालिझुमॅब हे औषध देऊन पाहणाऱ्या ॲसेंड या औषधचाचणीत अपंगत्वाच्या एकत्रित निकषावर औषध प्रभावी ठरलं नाही, पण हाताची घसरण औषध घेणाऱ्यांत कमी होती. ते दिसलं या नऊ छिद्रांमुळे. ज्यांचं चालणं आधीच थांबलंय त्यांच्यात पुढचा बदल पायांवरून कळणार नाही, हातावरूनच कळेल. म्हणून हे साधन घेताना आणि वापरताना काटेकोर राहायला हवं.

घेताना आधी व्यास पाहा. एका प्रचलित वर्णनात पेग साधारण ६.४ मिलिमीटर जाडीचा आणि छिद्र ७.१ मिलिमीटरचं आहे. दुसऱ्यात पेग ७ मिलिमीटरचा आणि छिद्र १० मिलिमीटरचं. पेगची लांबी दोन्हींत ३२ मिलिमीटर. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक मोठा आहे, कारण पहिल्या पाटीत मोकळी जागा जेमतेम ०.७ मिलिमीटर उरते आणि दुसरीत ३ मिलिमीटर. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये वेग आणि अचूकतेचं जे गणित मांडलं त्यातला एक प्रयोग छिद्रांत पिना बसवण्याचाच होता, आणि लक्ष्याची रुंदी म्हणून त्यांनी छिद्र आणि पिन यांच्या व्यासातला फरकच धरला होता. तो हिशेब इथे लावला, तर घट्ट पाटी सैल पाटीपेक्षा सुमारे २ बिटांनी (बिट हे त्या गणितातलं अवघडपणाचं एकक) अवघड ठरते. निरोगी हात ती अडचण थोड्या वेळात भरून काढतो. छिद्राजवळ पोचताना थरथरणारा हात तिथेच अडकतो. म्हणजे दोन पाट्यांवरचे सेकंद एका तक्त्यात भरायचे नाहीत आणि एका पाटीची प्रमाणमूल्यं, म्हणजे तुलनेसाठी निरोगी लोकांवर मोजलेले आकडे, दुसरीला लावायची नाहीत. १९८५ ची मॅथिओवेट्झ यांची प्रमाणमूल्यं लाकडी पाटीवरची आहेत. २००३ ची ऑक्सफर्ड ग्राइस यांची बाजारातल्या एकसंध प्लास्टिकच्या पाटीवरची. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात मापं दिलेली नसतील तर मागून घ्या, आणि संच हातात आल्यावर व्हर्नियर कॅलिपरने नऊच्या नऊ छिद्रं मोजा. एखादं छिद्र बाकीच्यांपेक्षा घट्ट निघालं तर तो संच परत करा.

एकसंध प्लास्टिकची पाटी आमच्या मते बहुतेकांसाठी योग्य. वाटी पाटीतच घडवलेली असल्याने वाटी आणि छिद्रं यांतलं अंतर कोणी बदलू शकत नाही, आणि दुसऱ्या हाताची चाचणी घेताना पाटी फक्त फिरवायची. वाटी गोलसर उताराची असते, त्यामुळे पेग बोटाने कडेला ढकलून वर घेता येतो. सरळ भिंतींच्या चौकोनी डब्यात पेग कोपऱ्यात जाऊन बसतो आणि मग हालचालीऐवजी डब्याचीच परीक्षा होते. प्लास्टिकच्या पाटीचा दोष म्हणजे वजन फार कमी. जोर लागला की सरकते. खाली रबरी न घसरणारी चटई हवीच, ती संचात नसेल तर वेगळी घ्या. न तपासल्या जाणाऱ्या हाताने पाटी धरायची मुभा असते, पण एका अंगाचा पक्षाघात झालेल्या व्यक्तीचा चांगला हात तपासताना दुसरा हात धरणार कसा? अशा वेळी चटई नसेल तर चांगल्या हाताचाही आकडा बिघडतो.

लाकडी पाटी जड, स्थिर आणि हाताला बरी लागते. पण दमट हवेत लाकूड फुगून छिद्रांचं माप बदलतं, आणि पुसायच्या ओल्या फडक्यानेही तेच होतं. वेगळा डबा असेल तर तो प्रत्येक वेळी त्याच जागी ठेवण्यासाठी टेबलावर खूण करावी लागते. थ्रीडी प्रिंट केलेली पाटी स्वस्तात होते हे खरं, पण वितळलेल्या धाग्याच्या छपाईत छिद्रं आराखड्यापेक्षा थोडी लहान निघतात आणि आतून थरांचे कंगोरे राहतात. रीमर (छिद्र आतून घासून गुळगुळीत करणारं अवजार) फिरवून छिद्रं साफ केल्याशिवाय ती वापरू नये. पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी अल्कोहोलने वारंवार पुसली की तडकते. सौम्य साबणाचं पाणी पुरतं.

पेगचा रंग पाटीपेक्षा वेगळा हवा. पांढऱ्या पाटीवर पांढरे पेग देखणे दिसतात, पण डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलेल्या व्यक्तीची त्यात दृष्टी तपासली जाते, हात राहतो बाजूला. पेग हरवतातच. जादा पेग त्याच संचाचे मागवा, जवळपासच्या जाडीचा दुसरा पेग चालवून घेऊ नका.

चाचणी घ्यायची रीत सोपी आहे, शिस्त अवघड. टेबल पक्कं हवं, खाटेजवळचं चाकांचं नको. पाटी शरीराच्या मधोमध, वाटी तपासायच्या हाताच्या बाजूला. एका वेळी एकच पेग उचलायचा, कुठल्याही क्रमाने नऊ छिद्रं भरायची, मग न थांबता एकेक पेग काढून वाटीत टाकायचा. पहिल्या पेगला बोट लागलं की घड्याळ सुरू, शेवटचा पेग वाटीत पडला की बंद. एमएसएफसीच्या पद्धतीत प्रबळ हाताचे, म्हणजे रोज जास्त वापरात असलेल्या हाताचे, दोन प्रयत्न आधी, मग दुसऱ्या हाताचे दोन, प्रत्येकाला कमाल ३०० सेकंद. निरोगी तरुण व्यक्तीला साधारण १६ ते २० सेकंद लागतात, वयाबरोबर ते वाढत जातात, आणि प्रबळ नसलेला हात थोडा मागे असतो.

चुका बहुतेक घेणाऱ्याच्या असतात. काहीजण ओळीने भरायला सांगतात. क्रम लक्षात ठेवण्याचं ओझं त्यात वाढतं आणि आकडा फुगतो. मध्येच ‘चला, लवकर’ म्हणणारेही असतात, आणि पुढच्या भेटीत दुसरा तपासनीस गप्प बसला की त्याच रुग्णाची प्रकृती कागदोपत्री बिघडते. सूचनेची वाक्यं छापून पाटीच्या मागे चिकटवा आणि तेवढीच बोला. पेग टेबलावर पडला तर काय, जमिनीवर पडला तर काय, हे पहिल्या रुग्णाच्या आधी लिहून ठरवा, कारण यात संशोधनागणिक नियम वेगळे आहेत. लांब नखांनी पेग उचलण्याची रीतच बदलते, तेव्हा तीही नोंद ठेवा. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपा या औषधाची शेवटची मात्रा किती वाजता घेतली हे लिहिलं नाही तर दोन भेटींची तुलना निरर्थक. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये थकव्याने आणि उष्णतेनेही हात मंदावतो, म्हणून चालण्याची चाचणी आधी की नंतर हा क्रम बदलू नका.

सरावाचा परिणाम तर नेहमीच दिसतो. दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा जलद होतो, आणि पुढच्या भेटीतही त्यातलं काही टिकतं. उपचार सुरू होण्याआधी सरावाचे प्रयत्न देऊन टाकले नाहीत तर ही सुधारणा औषधाच्या किंवा व्यायामाच्या खात्यावर जमा होते. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या संशोधनात २० टक्के बदल अर्थपूर्ण धरण्याची रीत आहे. २४ सेकंदांचे २८.८ झाले तर दखल घ्यायची, २४ चे २६ झाले तर थांबून पुन्हा मोजायचं. सरासरीसाठी सेकंदांऐवजी त्यांचा व्यस्त, म्हणजे वेग, घेणं चांगलं. चाचणी पूर्ण न करू शकणाऱ्याचा वेग शून्य धरता येतो, आणि एका फसलेल्या प्रयत्नाने सगळी सरासरी गिळली जात नाही.

आता या साधनाची खरी मर्यादा. ४० सेकंद हा आकडा हात किती मंद आहे ते सांगतो, का मंद आहे ते सांगत नाही. ते पाहायचं असेल तर वेळ कुठे जातोय ते बघा. फोनच्या कॅमेऱ्याने वरून चित्रण केलं की पुरतं. सेकंदाला ३० चौकटी असतील तर एक चौकट ३३ मिलिसेकंदांची, आणि उचलणं, नेणं, बसवणं, सोडणं हे टप्पे त्यातून नीट वेगळे काढता येतात. लहान मेंदूच्या आजारात उचलणं तुलनेने बरं असतं. पेग छिद्राच्या जवळ आला की हात पलीकडे जातो, मागे येतो, कंप वाढतो आणि बसवण्यातच वेळ जातो. बोटांची संवेदना गेली असेल तर उलट होतं: उचलताना चाचपडणं, नजर सतत बोटांवर, आणि नजर छिद्राकडे वळली की पेग निसटतो. पक्षाघातानंतरच्या स्पॅस्टिसिटीत (स्नायूंच्या ताठरपणात) पेग बसलेला असतो, पण बोटं उघडत नाहीत. खांदा वर चढतो, धड पुढे झुकतं. पार्किन्सनमध्ये प्रत्येक टप्पा थोडा थोडा मंद आणि पुढे पुढे हालचाल आखूड होत जाते. विश्रांतीच्या अवस्थेतला ४ ते ६ हर्ट्झचा कंप पेग हाती घेतल्यावर कमी होऊ शकतो, म्हणून कंप ठळक असूनही आकडा बरा येतो. उजव्या मेंदूच्या पक्षाघातानंतर डावीकडची छिद्रं रिकामीच राहिली तर दोष हाताचा नसून लक्षाचा असू शकतो. आमच्या मते हे टप्पे नोंदण्यासाठी निकालाच्या कागदावर जागा असायलाच हवी. विकत मिळणाऱ्या संचांच्या छापील नोंदपत्रकात ती सहसा नसते, ही मोठी उणीव आहे.

एकही पेग उचलता येत नसेल अशा हातासाठी ही पाटी निरुपयोगी, आणि रुग्णाला ३०० सेकंद झगडत ठेवणं निर्दयपणाचं. तिथे बॉक्स अँड ब्लॉक चाचणी घ्या: २.५ सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे मधल्या आडभिंतीवरून पलीकडे न्यायचे, ६० सेकंदांत किती गेले ते मोजायचं. तिच्यात एक ठोकळा नेणाऱ्यालाही आकडा मिळतो. फार सौम्य बिघाड मात्र पेगच्या पाटीवर दिसेलच असं नाही. पकडीची ताकद आणि दोन हातांचा मेळही ती मोजत नाही, त्यासाठी डायनॅमोमीटर (पकडीचा जोर मोजणारं उपकरण) आणि वेगळ्या चाचण्या लागतात.

एका दवाखान्यापुरतं साधन हवं असेल तर उतरत्या गोल वाटीची एकसंध प्लास्टिकची पाटी, पेग ठळक रंगाचे, चटई आणि त्याच संचाचे दोन-चार जादा पेग एवढं घ्या. अनेक केंद्रांचं संशोधन असेल तर सगळ्या पाट्या एकाच उत्पादकाच्या, एकाच खेपेच्या मागवा, प्रत्येकीवर क्रमांक घाला आणि तो क्रमांक रुग्णाच्या नोंदीत लिहा. पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच क्रमांकाची पाटी समोर ठेवा.