डोमेन कुणाच्या ताब्यात, आणि वाद झाला तर कुठे जायचं? सांगली-साताऱ्यातल्या कंपन्यांसाठी तुलनात्मक आढावा

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या आणि ईमेलच्या पत्त्यातल्या नावाच्या, संरक्षणाचा विषय निघाला की मालक आधी वकिलाची फी विचारतात. त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: डोमेन ज्या खात्यात आहे, ते खातं कुणाचं? पुढे वाद उभा राहिला तर आपली बाजू भक्कम की लंगडी, हे बरंचसं या एका नोंदीवर ठरतं. म्हणून इथे आधी ताब्याच्या पद्धतींची तुलना केली आहे आणि मग कायद्याच्या मार्गांची. डोळ्यांसमोर आहेत त्या आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या कंपन्या: सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद-बेदाणा निर्यात करणारी पेढी, कुपवाड एमआयडीसीतलं सुटे भाग बनवणारं युनिट, साताऱ्यातले कंदी पेढेवाले, गावोगावी शाखा असलेली पतसंस्था.

वेबसाइटवाल्याकडे, स्वतःकडे, की एजन्सीकडे

पहिली पद्धत सगळीकडे दिसते. वेबसाइट करून देणारा स्वतःच्याच खात्यातून डोमेन घेतो आणि वर्षाला एक बिल पाठवतो. डोमेन, होस्टिंग, देखभाल सगळं त्यात. सोयीचं आहे खरं, पण नोंदीत नोंदणीधारक म्हणून ज्याचं नाव असतं, रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करून देणारा) त्याचंच ऐकतो. बिलं तुम्ही भरलीत याची त्याच्याकडे नोंद नसते. वेबसाइटवाला पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला किंवा पैशांवरून बिनसलं, की वेबसाइटच काय, कंपनीचा सगळा ईमेल त्याच्या मर्जीवर येतो.

अशा वेळी कायदाही पटकन मदतीला येत नाही. डॉट कॉमच्या वादांसाठी आयकॅनने (जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने) १९९९ मध्ये यूडीआरपी हे धोरण आणलं. त्यात डोमेन वाईट हेतूने घेतलं आणि वाईट हेतूने वापरलं, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तुमच्याच सांगण्यावरून, तुमच्याच कामासाठी घेतलेल्या डोमेनबाबत घेतानाचा हेतू वाईट होता हे कसं दाखवणार? अशा तक्रारींत पंच अनेकदा ‘हा तुमच्या आपसातल्या कराराचा वाद आहे, कोर्टात जा’ असं म्हणून हात काढून घेतात. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. वेबसाइट कुणाकडूनही करून घ्या, डोमेन मात्र त्याच्या खात्यात ठेवू नका. आज ठेवलेलं असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच ते मागून घ्या. नोंदणी होऊन ६० दिवस झाले असतील आणि लॉक (डोमेन दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप) काढलेलं असेल, तर ट्रान्सफर कोड (हलवण्यासाठीचा परवलीचा शब्द) मिळाल्यावर डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेणं हे काही दिवसांचं काम आहे.

दुसरी पद्धत म्हणजे कंपनीचं स्वतःचं खातं. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी हीच योग्य, पण ती अर्धवट केली तर पहिलीइतकीच धोक्याची ठरते. नोंदणीधारकाच्या रकान्यात कंपनीचं किंवा फर्मचं नाव हवं, मालकाच्या मुलाचं नको. घरच्या धंद्यात थोरल्याच्या जीमेलवरून डोमेन घेतलेलं असतं. वाटणीच्या वेळी गोदाम, गाडी, ब्रँड यांची यादी होते आणि डोमेन त्यातून राहून जातं. भागीदारीच्या करारनाम्यातच लिहून ठेवावं की डोमेन ही फर्मची मालमत्ता आहे आणि फर्म मोडली तर ते कुणाकडे जाईल.

खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नये, हेही फार कमी लोक पाळतात. डोमेनची मुदत संपली की त्याच्यावरचा ईमेल बंद पडतो आणि ‘मुदत संपली, पैसे भरा’ ही सूचना त्याच बंद पेटीत जाते. ओटीपी निवृत्त झालेल्या हिशेबनिसाच्या मोबाइलवर जात असेल तर तो आधी बदलून घ्या. ट्रान्सफर लॉक चालू ठेवा. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. मुख्य नावासाठी तेवढे पैसे एकदम भरणं मला शहाणपणाचं वाटतं, कारण ‘ऑटो रिन्यू’ लावलेलं असूनही कार्डाची मुदत संपल्याने पैसे गेले नाहीत, असं घडू शकतं.

मुदत चुकली तर काय होतं, तेही बघून ठेवा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतो. हा काळ ४५ दिवसांपर्यंत असू शकतो, पण किती द्यायचा हे त्याच्या हातात आहे, आणि काही रजिस्ट्रार त्याच काळात नाव लिलावाला काढतात. डोमेन डिलीट केलं गेलं की ३० दिवसांत जबर शुल्क भरून सोडवता येतं. त्यानंतरचे ५ दिवस कुणीच काही करू शकत नाही आणि मग नाव जगाला खुलं होतं. असं गेलेलं नाव भांडून परत मिळवणं अवघड जातं.

तिसरी पद्धत, म्हणजे डोमेन सांभाळणारी खास एजन्सी किंवा लॉ फर्म, दहा-वीस देशांत माल विकणाऱ्या आणि शेकडो नावं बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी ठीक आहे. पाच-सहा नावांसाठी तो खर्च नको.

डॉट कॉम, डॉट इन, आणि स्पेलिंगची डोकेदुखी

दोन्ही घ्या. निर्यातीचा ग्राहक डॉट कॉम टाइप करतो, इथला ग्राहक दोन्हीपैकी काहीही. डॉट भारतवर २०१४ पासून देवनागरीत नाव घेता येतं. पाटीवर आणि पुड्यावर ते छान दिसतं, पण मुख्य नाव म्हणून मी ते अजून सुचवणार नाही.

खरी अडचण मराठी नावांच्या रोमन स्पेलिंगची आहे. ‘कृष्णा’ कुणी आर-आय लिहितो, कुणी आर-यू. कृष्णाकाठच्या किती धंद्यांच्या नावात कृष्णा किंवा कृष्णाई आहे, हे आठवून पाहा. ग्राहकांचे जुने ईमेल, ऑर्डरी, चेक बघा. लोक खरोखर ज्या दोन-तीन प्रकारे लिहितात, तेवढी नावं घेऊन ठेवा. प्रत्येक संभाव्य चूक विकत घेत बसलात तर दरवर्षीचा खर्च वाढत जाईल.

सहकारी बँकांचं गणित वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं. ते नाव फक्त बँकांनाच मिळतं, म्हणून तिथे नकली नावाचा शिरकाव अवघड. पतसंस्थेला ते कवच नाही, त्यामुळे मिळत्याजुळत्या नावांवर तिला स्वतःच लक्ष ठेवावं लागेल.

ट्रेडमार्क असलेला आणि नसलेला

भारतात डोमेनसाठी वेगळा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या खटल्यात आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं असा निकाल दिला. म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्क नसला तरी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आमच्या नावावर स्वतःचा माल खपवला असा दावा करता येतो. पण त्यात आपल्या नावाची बाजारातली पत दाखवावी लागते: वर्षानुवर्षांची बिलं, जीएसटी, जाहिराती.

सांगलीतल्या माणसासाठी याहून मोठा फरक गावाचा आहे. ट्रेडमार्क नोंदणीकृत असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे तुमचा धंदा जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात उल्लंघनाचा दावा लावता येतो. नुसत्या पासिंग ऑफला ही सवलत नाही. समोरचा जिथे राहतो किंवा जिथे फसवणुकीचं कारण घडलं, तिथे जावं लागतं. समोरचा गुरगावचा असेल तर या फरकाचे पैसे किती होतात, ते सांगायला नको. वरच्या कोर्टात जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे.

लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी प्रत्येक वर्गाला (मालाच्या प्रकाराला) ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. हळद पावडर ३० व्या वर्गात येते आणि बेदाणा २९ व्या, म्हणजे दोन्ही विकणाऱ्याला दोन फी. नोंदणी १० वर्षं टिकते आणि अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. उल्लंघनाचा दावा मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच लावता येतो, म्हणून वाद सुरू झाल्यावर अर्ज करणं उशिराचं ठरतं.

एक अपेक्षा मात्र सोडून द्या. ‘सांगली हळद’ला भौगोलिक मानांकन आहे, ते सगळ्या उत्पादकांचं. ‘कंदी पेढे’ हे तर पदार्थाचं नाव. अशी नावं डोमेनमध्ये दुसऱ्याने घेतली म्हणून ती हिसकावता येत नाहीत. आडनावाचंही तसंच. त्याच आडनावाचा माणूस स्वतःचा प्रामाणिक धंदा त्या नावाने करत असेल तर त्याचा हक्क तुमच्याइतकाच आहे.

वाद झालाच तर

डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी निक्सीचं (डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेचं) आयएनडीआरपी हे धोरण. दोन्हींत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या नावासारखं आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, हेतू वाईट आहे. मात्र यूडीआरपीत नोंदणी ‘आणि’ वापर, दोन्ही वाईट हेतूने हवेत. आयएनडीआरपीत यापैकी एक पुरतं. सुरुवातीला चांगल्या संबंधात घेतलेलं आणि नंतर अडवून धरलेलं डोमेन डॉट इन असेल, तर तुमची बाजू त्यामुळे बरीच बळकट होते.

यूडीआरपीसाठी जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) गेलात तर एका पंचाची फी १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त, आणि वकील वेगळा. सगळं ऑनलाइन चालतं, निकाल साधारण दोन महिन्यांत येतो, समोरचा परदेशात लपलेला असला तरी अडत नाही. पण मिळतं ते फक्त डोमेन, नुकसानभरपाई नाही. निकालानंतर १० कामकाजाच्या दिवसांत समोरचा कोर्टात गेला तर अंमलबजावणी थांबते. आयएनडीआरपीत लवादाचा निवाडा भारतीय लवाद कायद्याखाली होतो, आणि डॉट इनच्या वादाला मी आधी तोच मार्ग सुचवेन.

कोर्ट निवडा ते पैसे वसूल करायचे असतील, समोरचा माल विकत असेल, किंवा वेबसाइटवाल्याशी कराराचाच वाद असेल तेव्हा. तातडीचा मनाई हुकूम मिळतो ही त्याची सगळ्यात मोठी ताकद. वेळ आणि खर्च मात्र सगळ्यात जास्त.

मिळत्याजुळत्या डोमेनवरून तुमच्या गिऱ्हाइकाला ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल गेला असेल, तर यातलं काहीच पहिलं पाऊल नाही. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि सायबर पोलिसांकडे तक्रार, त्याच दिवशी त्या डोमेनच्या रजिस्ट्रारच्या गैरवापर विभागाला पुराव्यासह ईमेल. डीएमएआरसी (ईमेल खरोखर तुमच्या डोमेनवरून आला का हे तपासणारी सोय) लावल्याने तुमच्या डोमेनच्या नावाने येणारे खोटे ईमेल अडतात, एक अक्षर बदललेल्या डोमेनवरून येणारे अडत नाहीत. म्हणून खातं बदलल्याचा ईमेल आला तर फोन करून खात्री करा, हे गिऱ्हाइकांना आधीच लेखी कळवलेलं बरं.

शेवटचा पर्याय डोमेन विकत घेणं. समोरच्याने तुमचा धंदा सुरू होण्याआधी नाव घेतलं असेल तर तक्रारीत बहुधा हार होते, तेव्हा वाजवी किमतीला घेणं हाच व्यवहार. त्याने मुद्दाम अडवलं असेल, तर मात्र ‘किती घेणार?’ असा ईमेल आपण आधी पाठवू नये. खर्चाच्या कितीतरी पट किंमत त्याने स्वतःहून तुमच्याकडे मागितली, तर तो वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. आपणच आधी विचारलं तर त्या पुराव्याची धार कमी होते. संपर्क करण्याआधी त्या वेबसाइटचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि डोमेनच्या नोंदीची प्रत काढून ठेवा. कोर्टात जायचं झालं तर त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि आपल्या बाजूचा भाग ज्याने स्क्रीनशॉट काढले त्याच माणसाने द्यावा, म्हणजे उलटतपासणीत अडचण येत नाही.