न आलेली रुग्णवाहिका आणि गेलेले ४,६५० रुपये

गेल्या पावसाळ्यात, महिन्याच्या २७ तारखेला रात्री साडेदहाच्या सुमारास, सिंहगड रस्त्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका टेम्पोने काळूला उडवले. काळू हा आमचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा. मागचे पाय फरफटत तो गटाराच्या कठड्यापर्यंत आला आणि तेथेच बसून राहिला. ह्यांची रात्रपाळी होती, आणि पगाराला चार दिवस असल्यामुळे माझ्या खात्यात ६,२०० रुपये उरले होते.

मोबाईलवर ‘प्राण्यांची रुग्णवाहिका, चोवीस तास’ असे शोधल्यावर जो पहिला क्रमांक दिसला, तो मी लावला. पलीकडचा माणूस अत्यंत शांतपणे बोलत होता. काळूचे वय, वजन, रक्त कोठून येते, हे सगळे त्याने विचारले, फोटो मागवला आणि मग म्हणाला, “ताई, तुमचं बजेट किती आहे ते मोकळेपणानं सांगा, आम्ही सेवाभावी लोक आहोत, बसवून देऊ.” मला हायसे वाटले, कारण रात्रीच्या खाजगी दवाखान्यांची बिले ऐकून माहीत होती. पाच हजारांच्या वर जमणार नाही, असे मी सांगून टाकले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे म्हणतात, ते मी स्वतःच्या तोंडाने केले होते.

आधी ३५० रुपये नोंदणीचे झाले. मग गाडी निघाली आहे, पण डिझेल आणि ऑक्सिजनचे १,५०० भरल्याशिवाय चालकाला पुढे सोडत नाहीत, असे कळवण्यात आले. शेवटी दवाखान्यात खाट राखून ठेवण्यासाठी २,८०० रुपये अनामत मागण्यात आली, जी सकाळी परत मिळणार होती. प्रत्येक रक्कम आधी भरलेल्या पैशांवर पाणी सोडण्यापेक्षा स्वस्त वाटावी, अशा बेताने मागितलेली होती आणि तिन्हींची बेरीज माझ्या पाच हजारांच्या जरा आतच राहिली.

मध्ये दोनदा मी म्हणाले की, रिक्षा करून आम्हीच घेऊन येतो. त्यावर तो म्हणाला, “अजिबात हलवू नका, मणक्याला धक्का बसला तर कायमचा अधू होईल.” या वाक्याने आम्हांला पाऊण तास त्या कठड्यापाशी खिळवून ठेवले. सर्वांत जास्त राग मला अजूनही याच वाक्याचा येतो, कारण ते पूर्ण खोटे नव्हते. मणक्याला मार असेल तर जनावर वेडेवाकडे उचलू नये हे खरेच आहे. पण त्याचा अर्थ ते रस्त्यावर ठेवावे असा नसून फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर सपाट न्यावे असा आहे.

साडेअकराच्या पुढे मी पैसे परत मागितले, तेव्हा त्याने लगेच एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल, असे सांगितले. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा छत्री धरून माझ्यामागे उभा होता. “काकू, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात,” असे म्हणत त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला, म्हणून उरलेले दीड हजार वाचले.

त्याच मुलाने वरच्या मजल्यावरून इस्त्रीच्या टेबलाची फळी आणली. काळू कळवळून चावेल म्हणून मी माझ्या ओढणीने त्याचे तोंड सैलसर बांधले आणि रिक्षाने आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या पांढऱ्याफटक असत्या, तर आत रक्तस्राव होत असल्याची शंका आली असती, असे ते म्हणाले. सुदैवाने त्या गुलाबी होत्या. सलाईन, वेदनाशामक इंजेक्शन आणि तपासणी मिळून ९०० रुपये झाले. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी आपल्या मनाने मुळीच देऊ नका, असे त्यांनी बजावले. मी नेमकी तीच काढून ठेवली होती. एक्स-रेसाठी सकाळी औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जा, तेथे तुम्हांला परवडेल, हेही त्यांनीच आपणहून सांगितले. एक्स-रेत कमरेच्या हाडाला तडा दिसला, मणका शाबूत होता. शस्त्रक्रिया न करता सहा आठवडे लहानशा जागेत अडकवून ठेवायचे ठरले आणि काळूने ते पलंगाखाली, पाटांच्या कुंपणात काढले.

दवाखान्यातून परत आल्यावर, रात्री दीडच्या सुमारास मी १९३० या सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली. तेथे प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक विचारतात, म्हणून संताप आला तरी मेसेज पुसून टाकू नयेत. पहिल्या दोन रकमा तोपर्यंत काढल्या गेल्या होत्या. २,८०० रुपये मात्र पुढच्या खात्यात गोठवता आले, असे नंतर कळले. ते अजून माझ्या हाती आलेले नाहीत.

रुग्णवाहिका खरी असेल तर ती कोणत्या दवाखान्यातून निघाली हे चालक सांगू शकतो, आणि त्या दवाखान्याला वेगळ्या क्रमांकावर फोन करून विचारता येते. तेथील डॉक्टरांचा राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांकही मागता येतो. मी यांपैकी काहीही विचारले नाही, कारण आपण रडत असताना असे प्रश्न विचारायची लाज वाटते.

आठवड्याभराने नणंदेने मला एक संदेश पुढे पाठवला आणि विचारले, “हा आपला काळू ना?” गटाराचा कठडा, माझी निळी चप्पल आणि काळू, असा मीच काढलेला तो फोटो होता. तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी १८,००० रुपये कमी पडत आहेत, असा मजकूर होता आणि खाली एक क्यूआर कोड होता. तो संदेश घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा मूळ तक्रारीला तो जोडून घेण्यात आला. नणंदेने त्या कोडवर दोनशे रुपये आधीच पाठवले होते.