विमानाचा पंखा दाखवून घेतलेली फी

ज्यांच्या घरात यंदा बारावी सायन्स झालेलं लेकरू आहे आणि कुणीतरी येऊन 'विमानाचं इंजिनिअरिंग' सुचवून गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं सव्वा वर्ष आणि २ लाख ३५ हजार रुपये गेले. पैसे माझे नव्हते, वडिलांचे होते. म्हणून जास्त लागलं.

गाव गंगाखेडच्या बाजूला, परभणी जिल्हा. २०१७ च्या एप्रिलमध्ये नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. त्या उन्हाळ्यात मी आठवीची परीक्षा देऊन नांदेडला आत्याकडं गेलो होतो. पाहुण्यांना सोडायला विमानतळावर गेलो, तेव्हा जाळीतून एटीआर विमान पहिल्यांदा बघितलं. एकेका पंख्याला सहा-सहा पाती. पंखा थांबल्यावर पाती आडवी न राहता वाऱ्याला कड दाखवून उभी होती. घरच्या टेबलफॅनची पाती अशी वळत नाहीत, मग ही कशी वळली? आत्याच्या मालकांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. तो प्रश्न डोक्यात राहिला तो राहिलाच.

२०२१ ला बारावी. कोरोनामुळं परीक्षाच झाली नाही, निकाल मूल्यमापनावर लागला. पुढं काय करायचं हे कुणालाच उमजत नव्हतं. अशात कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'करिअर मार्गदर्शन' नावाची मीटिंग आली. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे विमानाची देखभाल-दुरुस्ती करणारा, साडेतीन वर्षांत लायसन्स, नोकरीची शंभर टक्के हमी. मी वडिलांच्या मागं लागलो. सोयाबीनचा भाव ऑगस्टमध्ये दहा हजारांच्या घरात गेला होता. वडिलांनी भाव वाढेल म्हणून ठेवलेली पोती काढली, वर पतसंस्थेचं कर्ज उचललं.

संस्था मराठवाड्यातल्याच एका मोठ्या शहरात होती. नाव लिहीत नाही, कारण एका नावाशी हा प्रकार संपत नाही. आवारात एका छोट्या विमानाचा नुसता सांगाडा आणि आत शिरल्या शिरल्या लोखंडी स्टँडवर दोन पात्यांचा अॅल्युमिनियमचा पंखा. चांदीसारखा रंग, टोकं लाल-पिवळी. वडिलांनी पोळ्याला बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा त्याच्यावर हात ठेवला. तिथले सर म्हणाले, "काका, खऱ्या विमानाचा आहे. आमच्याकडं खोटं काही नाही." पंखा खरा होता, हे मला आजही मान्य आहे. त्या एका खऱ्या वस्तूनं बाकीचं सगळं आम्हाला खरं वाटायला लावलं.

भिंतीवर चौकटीत आयएसओचं प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, ट्रस्टची नोंदणी. फलकावर 'डीजीसीए' ही अक्षरं हातभर आणि त्याखाली बोटभर अक्षरात 'अभ्यासक्रमानुसार'. डीजीसीए म्हणजे अशा संस्थांना मान्यता देणारं केंद्राचं विमान वाहतूक खातं. मी ते वाचलं होतं. वाचूनही कळलं नाही की अभ्यासक्रमानुसार शिकवणं वेगळं आणि मान्यता असणं वेगळं. पावती मिळाली ती 'शैक्षणिक साहित्य व देणगी' अशी. मूळ टीसी आणि दोन्ही मार्कशीट त्यांनी 'व्हेरिफिकेशनसाठी' ठेवून घेतल्या.

शिकवणं म्हणजे पीडीएफच्या झेरॉक्स वाचून दाखवणं. वर्षभरात आम्ही एकाही चालत्या इंजिनाजवळ गेलो नाही. माझ्या खोलीत उदगीरचा एक मुलगा होता. त्यानं एकदा विचारलं, पातं बुडापासून टोकापर्यंत पिळल्यासारखं का असतं? सर म्हणाले, "डिझाइनच तसं असतं, लिहून घ्या." प्रोपेलरचं, म्हणजे या पंख्याचं, प्रॅक्टिकल एकच झालं. पात्याच्या पुढच्या कडेवर दगड लागल्यासारख्या खाचा होत्या. त्या आमच्याकडून हातोडीनं ठोकून बसवून घेतल्या, वर पुट्टी भरली, स्प्रेचा रंग मारला. मी त्याचा फोटो घरी पाठवला. आईनं तो सगळ्या गल्लीला दाखवला.

२०२२ च्या दिवाळीआधी रूममेटचे चुलते आले. हवाई दलात प्रोपेलरचं काम केलेला माणूस. एएन-३२ विमानांवर त्यांची वर्षं गेली होती आणि नुकतेच रिटायर होऊन गावी आले होते. पुतण्या कुठं शिकतोय ते बघावं म्हणून सहज आलेले. रविवार होता, वॉचमननं आत सोडलं.

पंख्याजवळ आल्यावर ते समोर उभे राहिले नाहीत, बाजूला थांबले. मागं इंजिनच नाही हे त्यांना दिसत होतं. तरी म्हणाले, "सवय आहे. पातं जिथून फिरतं त्या रेषेत उभं राहायचं नाही." मग सांगितलं की पिस्टन इंजिनाला मॅग्नेटो असतो. तो बॅटरीशिवाय स्वतःची ठिणगी पाडतो. किल्ली बंद असली तरी त्याची अर्थिंगची वायर तुटलेली असेल, तर हातानं पंखा फिरवला तरी इंजिन पेट घेऊन फिरू शकतं. म्हणून उभ्या पंख्यालाही चालू समजायचं. आम्ही वर्षभर त्या पंख्याला टेकून सेल्फी काढत होतो. दुसऱ्या एखाद्या आवारात, चालत्या विमानावर हीच सवय आम्ही घेऊन गेलो असतो.

नंतर त्यांनी अंगठ्याचं नख पात्याच्या पुढच्या कडेवरून बुडापासून टोकाकडं सावकाश ओढत नेलं. टोकापासून वीतभर अलीकडं नख अडलं. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली हातोडीनं दबलेला धातू.

"हे ठोकलं कोणी रे?"

"आम्हीच, काका. प्रॅक्टिकल होतं."

"कशानं?"

"हातोडीनं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आम्हाला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करून दाखवली. चार सीटच्या लहान विमानाचा पंखा साधारण ७६ इंचांचा, म्हणजे जवळपास १९३ सेंटिमीटर. एका फेऱ्यात टोक सहा मीटर जातं. मिनिटाला २७०० फेरे म्हणजे सेकंदाला ४५. टोकाचा वेग सेकंदाला २७० मीटरच्या वर, ताशी हजार किलोमीटरच्या जवळ. बुडाजवळचा भाग तेवढ्याच वेळात थोडंसंच अंतर कापतो. पातं म्हणजे फिरता पंखच, विमानाच्या पंखासारखाच त्याचा आकार. सगळ्या लांबीवर हवेला नीट कोनात भेटायचं तर बुडाला कोन जास्त आणि टोकाला कमी ठेवावा लागतो. म्हणून तो पीळ. वर्गात 'डिझाइनच तसं' म्हणून उडवलेला प्रश्न तो हाच.

एवढ्या वेगात प्रत्येक पातं हबमधून, म्हणजे पाती बसवलेल्या मधल्या भागातून, बाहेर खेचलं जात असतं, तेही काही टनांच्या ताकदीनं. अशा धातूवर बारीक खाच पडली की सगळा ताण त्या खाचेच्या तळाशी गोळा होतो. तिथून चीर सुरू होते, फेऱ्यागणिक वाढते आणि एक दिवस टोक तुटून जातं. टोक तुटलं की पंख्याचा तोल जातो आणि त्या हादऱ्यानं इंजिन जागेवरून उखडू शकतं. म्हणून खाच कधी ठोकून बुजवत नाहीत. बारीक कानस पात्याच्या लांबीच्या दिशेनं चालवून खाचेचा तळ उथळ आणि गोलसर करतात, मग पॉलिश पेपर. किती धातू काढायचा याची मर्यादा कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. नंतर लाल पातळ द्रव्य लावून पुसतात आणि वरून पांढरी पावडर मारतात. चीर उरली असेल तर पावडरीवर लाल रेघ उमटते. पातं वाकलं असेल तर विमानाजवळ कुणीच हात लावत नाही, ते मान्यताप्राप्त वर्कशॉपलाच जातं. पंखा जमिनीला लागला असेल तर नुसता पंखा बदलून भागत नाही, इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडाही, तपासावा लागतो. काका म्हणाले, "हातोडी आणि पुट्टीनं खाच दिसेनाशी होते. चीर तशीच आत राहते."

मी नांदेडचा माझा जुना प्रश्न विचारला. त्यांना आनंद झाला. मोठ्या विमानांचं प्रत्येक पातं हबमध्ये आपल्याभोवती फिरतं, तेलाच्या दाबावर. फेरे एकसारखे ठेवणाऱ्या गव्हर्नरमध्ये फिरती वजनं असतात. फेरे वाढले की ती बाहेर पसरतात, तेलाचा मार्ग बदलतो, पात्याचा कोन वाढतो आणि फेरे परत जागेवर येतात. हवेत इंजिन बंद पडलं तर पाती वाऱ्याला कड करून उभी करतात, त्याला फेदर म्हणतात. तसं केलं नाही तर बंद पंखाच वाऱ्याला अडवून विमान मागं ओढतो. त्यांनी कपाखालची बशी आधी आडवी, मग उभी धरून दाखवलं. पाच वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि मला रडू येत होतं, कारण हेच शिकायला मी घर सोडलं होतं.

शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली. पंख्याच्या हबवर नंबर ठोकलेला असतो. या हबवर ग्राइंडर फिरवून तो घासून टाकलेला होता. भंगारात काढलेला भाग परत कुणी विमानाला लावू नये म्हणून असं करतात. चांगल्या पंख्याचं लॉगबुक असतं. किती तास चालला, ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून तपासणी-दुरुस्ती, कधी झालं, तास किंवा वर्षं यातलं जे आधी भरेल त्याप्रमाणे पुढचं कधी. दुरुस्ती होऊन आला असेल तर आपल्याकडं त्याच्यासोबत सीए फॉर्म १, म्हणजे तो विमानाला लावण्याजोगा असल्याचा दाखला, लागतो. "कागद नसलेला पंखा कितीही चकचकीत असू दे, आम्ही त्याला भंगार म्हणतो. तुमच्या संस्थेचा कागद कुठाय?"

टपरीवरच त्यांनी मोबाइलवर डीजीसीएच्या वेबसाइटवरची सीएआर-१४७ मान्यता (प्रशिक्षण संस्थांसाठीच्या नियमाखालची) असलेल्या संस्थांची यादी उघडली. तिघांनी मिळून दोनदा वर-खाली केली. आमचं नाव नव्हतं.

सोमवारी सरांना विचारलं. म्हणाले, दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेशी टायअप आहे, तुमची परीक्षा तिथून होईल. त्या संस्थेचं नाव यादीत होतं. फोन केला तर त्यांनी सांगितलं की आमची कुठंच शाखा नाही आणि मान्यता यादीतल्या पत्त्यापुरतीच आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातल्या मुलांना दम देण्यात आला, जास्त बोललात तर टीसी मिळणार नाही. वडील आणि काका मिळून पोलिस ठाण्यात अर्ज घेऊन गेले, तेव्हा चार दिवसांत मूळ कागद हातात पडले. पैशातले ४० हजार परत आले, पुढचा चेक बाउन्स झाला. पावतीवर 'देणगी' असल्यामुळं फी भरल्याचं सिद्ध करताना अजून त्रास होतोय. वडिलांनी एका शब्दानं मला दोष दिला नाही. पतसंस्थेचा हप्ता मात्र अजून चालू आहे.

माझी कळकळीची विनंती आहे, पैसे देण्याआधी ही यादी स्वतः उघडा. कुणी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. नाव, पत्ता आणि कॅटेगरी, तिन्ही जुळली पाहिजेत. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं, बी१.२ म्हणजे पिस्टन इंजिनाची, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं. संस्थेला ज्या कॅटेगरीची परवानगी आहे तीच ती शिकवू शकते. बी१.१ चा मूळ अभ्यासक्रम २४०० तासांचा असतो. त्यातलं प्रत्यक्ष विमानावरचं काम कुठल्या मेंटेनन्स संस्थेत होणार, हे लेखी मागा. लायसन्स सीएआर-६६ या नियमाखाली डीजीसीए देतं, संस्था देत नाही. लायसन्सचा अभ्यासक्रम मॉड्यूलमध्ये, म्हणजे विषयांत, विभागलेला असतो आणि मॉड्यूलच्या परीक्षेत पास व्हायला ७५ टक्के लागतात. प्रोपेलरचं मॉड्यूल १७ वं आहे. आमच्या सरांना मी ते कितवं असं विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "ते नंतर बघू." नोकरीची हमी देणाऱ्याला तर तिथंच नमस्कार करून उठा. आणि मूळ टीसी, मार्कशीट कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत घ्या.

मी आता परभणीला आयटीआयत फिटर करतोय. कानस धरायला नीट शिकलोय. मान्यताप्राप्त संस्थेत जायचं मनात आहे, कर्ज फिटल्यावर.

गेल्या जूनमध्ये त्या शहरात काम होतं. जुन्या इमारतीला कुलूप होतं, पण दोन चौक पुढं नवा फलक दिसला. ड्रोन आणि एव्हिएशन, प्रवेश सुरू. दारातच स्टँडवर पंखा. रंग नवा, टोकं या वेळी पांढरी-लाल. एक गृहस्थ हातात कापडी पिशवी घेऊन त्याच्याकडं बघत उभे होते, बाजूला मुलगी. मी आत न जाता पात्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवलं. टोकापासून वीतभर अलीकडं ते अडलं. मग त्या गृहस्थांना बाहेर बोलावलं आणि मोबाइलवर यादी उघडून त्यांच्या हातात दिली.