‘वेल्डिंग पूर्ण, फक्त रंग बाकी’: ४,९०० पौंडांना पडलेली मॉरिस मायनर

५०० पौंड बयाणा, नंतर ४,४०० पौंड, वर ट्रेलरवाल्याचे २६०. एकूण ५,१६० पौंड मोजून इंग्लंडातल्या आमच्या गॅरेजात जे उभं आहे, ती कागदावर १९६६ची दोन दारी मॉरिस मायनर १००० ही ब्रिटिश मोटार आहे. प्रत्यक्षात तिचा कंबरेखालचा भाग म्हणजे लांबी (भोकं बुजवायची पुट्टी), फोम आणि डांबर. असली सडकी मायनर इथे हजार पौंडांनाही कोणी उचलत नाही.

जाहिरातीचा साचा ओळखीचाच होता. घरगुती अडचणीमुळे विक्री, वेल्डिंग पूर्ण, ब्रेक नवे, १०९८ सीसी इंजिन, फक्त रंग आणि जोडणी बाकी. घरी रेस्टोरेशन करणाऱ्याला हेच हवं असतं, कारण मायनरमध्ये खरा खर्च पत्र्याचाच. इंजिनाचं सामान मुबलक आणि स्वस्त मिळतं. या गाडीला वेगळी चासी नाही, अख्खी बॉडीच भार पेलते. त्यामुळे दारांच्या उंबऱ्याखालची सिल, पुढच्या सीटखालचा आडवा क्रॉसमेंबर, पुढचे चासी-लेग (बॉडीलाच जोडलेल्या लांबट पोकळ तुळया) आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, हँगर या चार जागा शाबूत असतील तर गाडी आहे, नाहीतर भंगार. ‘वेल्डिंग पूर्ण’ म्हणणारा नेमकं हेच विकत असतो.

आता ज्या गोष्टीने अजून झोप लागत नाही ती सांगतो. विक्रेत्याने वेल्डिंगचे फोटो दाखवले. छान, सलग, निळसर झाक असलेले टाके. क्रॉसमेंबरची टोकं नवी, सिल नवी. पण त्या फोटोत सिलच्या मधोमध दाराचा खांब उभा होता! मधोमध खांब चार दारी गाडीला असतो. दोन दारी मायनरचं दार लांब, तिचा खांब बराच मागे. शिवाय फोटोतला जुना रंग फिकट हिरवा, आणि समोरच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली ट्रॅफल्गार ब्लू. दुसऱ्याच गाडीचे फोटो! डोळ्यांसमोर धरलेले. पण बाहेर पाऊस, तो माणूस अखंड बोलतोय, आणि असल्या वेळी बघणारा वेल्डचा टाका बघतो, खांब नाही. कोणीही तेच केलं असतं, असं मी तरी म्हणेन. फोटो दाखवले की आधी त्यात गाडीचा नंबर, रंग, दारं शोधा. टाके नंतर.

खालून गाडी काळ्या अंडरसीलने, म्हणजे गंज रोखायला फासतात त्या डांबरी लेपाने, चकचकीत होती. नख लावलं तर खूण उमटत होती, म्हणजे थर ताजा असावा. घरी हीट गन आणि स्क्रेपर लावल्यावर तीनेक मिलिमीटरचं डांबर सोलून निघालं. क्रॉसमेंबरच्या डाव्या टोकावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पॉप रिव्हेटने ठोकलेला. सिलमध्ये एक्सपांडिंग फोम, वर लांबी. चासी-लेगवर नवा पत्रा होता खरा, पण गंजावरच वेल्डचे चार ठिपके (टॅक) मारून चिकटवलेला. ग्राइंडर फिरवला तर टाका पत्र्यात उतरलेलाच नाही.

हा नुसता दिखाव्याचा प्रश्न नाही. मायनरच्या पुढच्या सस्पेन्शनला गुंडाळीच्या स्प्रिंग नाहीत, पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे लांब दांडे, टॉर्शन बार, आहेत, आणि त्यांची मागची टोकं याच क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेली असतात. पुढच्या चाकांवरचा सगळा पीळ तिथे येतो. तो पत्रा फाटला तर गाडी पुढून बसते.

‘ब्रेक नवे’ हेही खोटं, आणि ते न खोलता कळतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा भाग) ड्रायव्हरच्या पायाखाली चासी-लेगच्या आत बसवलेला असतो आणि टॉर्शन बार हलवल्याशिवाय त्याचे बोल्ट बाहेर येत नाहीत. बारच्या नटांवर वर्षानुवर्षांची माती घट्ट असेल तर सिलिंडर बदललेला नाही, विषय संपला. इंजिनचंही तेच: ब्लॉकवरच्या पट्टीवर क्रमांक ९एमने सुरू होतो, म्हणजे ९४८ सीसी. १०९८चा दहाने सुरू होतो.

बघायला जाताना कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. लांबीवर आणि ॲल्युमिनियमवर ते धरत नाही. गालिचा उचलू देत नसेल तर निघा. जॅकिंग पॉइंटवर गाडी उचलून दार उघडा. दार अडकलं तर सिलमध्ये जीव नाही. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा: खालच्या ट्रनियनचे (ज्या आट्यांच्या सांध्यावर चाक वळतं त्याचे) आटे झिजले की चाक चालत्या गाडीखाली दुमडतं, म्हणून तिथे दर हजार मैलांना ग्रीस लागतं.

आणि एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक सुरक्षा तपासणी! २० मे २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना ती सक्तीची नाही. या सवलतीवरच असल्या लोकांचं दुकान चालतं. स्वखुशीने करून घेता येते, जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. सस्पेन्शन जिथे बसतं त्याच्या ३० सेंटिमीटर परिसरातला गंज तपासनीस बघतोच. गाडी ट्रेलरवर नेऊन करू म्हणा. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पोलिसांनी दोन वाक्यांत हात वर केले: ही दिवाणी बाब आहे. रस्त्यावर चालवायला अयोग्य गाडी विकणं हा १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम ७५खाली गुन्हा आहे, हे सांगितल्यावर पलीकडे शांतता, मग दुसरा फोन नंबर. त्या नंबरवर तक्रार क्रमांक मिळाला, आणि पुढे छापील पत्र, की तपासाला धागा सापडत नाही. अहो, त्याच मोबाइल नंबरवर आणखी तीन जुन्या गाड्यांच्या जाहिराती आहेत, याहून जाड धागा कुठला आणून देऊ? ग्राहक संरक्षणवाले थेट भेटतच नाहीत, आधी सल्ला हेल्पलाइन. हेल्पलाइन म्हणते विक्रेता खासगी आहे, त्यामुळे ३० दिवसांत गाडी परत करण्याचा हक्क लागू नाही. तो खासगी नाही, लपलेला व्यापारी आहे, हे सिद्ध कोणी करायचं? आम्हीच. बँकेचं ठरलेलं उत्तर: माल मिळाला आहे, हा खरेदीदार-विक्रेत्यातला वाद, परतफेड नाही.

बयाणा क्रेडिट कार्डाने देता आला असता तर गोष्ट वेगळी होती. १०० पौंडांवरच्या व्यवहारात कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. पण ती सोय व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला, आणि हा पठ्ठ्या ‘खासगी’ म्हणून बँक ट्रान्सफरच मागत होता. व्ही५सीवरचं (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचं) नाव त्याचं नव्हतंच, ‘मेहुण्याचं’ होतं. नाव-पत्ता जुळला नाही तर एक पौंडही देऊ नका, मेहुणा कितीही सज्जन असो.

आपल्याकडच्यांना या गाड्यांची ओढ असते, ॲम्बॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच ना. विक्रेत्यालाही ते ठाऊक होतं; आमचं मूळ गाव ऐकताच त्याने ॲम्बॅसिडरचा विषय काढला.

स्मॉल क्लेम्ससाठी, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टातल्या दाव्यासाठी, २०५ पौंड भरले आहेत. दाव्याचं पहिलं पाकीट ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आलं. निकाल लागला तरी वसुली आपणच करायची. दरम्यान सिल, क्रॉसमेंबरची टोकं आणि चासी-लेगचे पत्रे ९४० पौंडांना आले आहेत. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करून, दारं लावलेलीच ठेवून काम होईल, नाहीतर बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधी बसत नाही. कापलेला प्रत्येक तुकडा तारीख घालून पुरावा म्हणून ठेवतो आहे. रिव्हेटसकट.