टॉवरची घरपट्टी: ‘करच नको’ म्हणायचं की ‘आकडा चुकलाय’?

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीत गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या घरपट्टीचं बिल आलं आणि कमिटीत दोन तट पडले. एक म्हणे, फोन ही केंद्राची बाब, महापालिका कर लावतेच कशी? दुसरा म्हणे, आकडा कमी करून घ्या नि मोकळे व्हा. तुमच्याकडेही बिल आलं असेल तर आधी ते कुठल्या वर्षाचं आहे ते बघा. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

‘करच नको’ हा मुद्दा सभेत टाळ्या घेतो. दूरध्वनी केंद्राच्या सूचीत आहे, हे खरंच. तुमच्या फोनच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यावर महापालिकेला स्वतःचा कर चढवता येत नाही. पण टॉवरवरची घरपट्टी सेवेवर नसते, बांधकामावर असते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात टॉवर घरपट्टीला पात्र ठरवला. त्यामुळे जुन्या थकबाकीवर या मुद्द्याने भांडणं व्यर्थ आहे. नवीन बिलांचं तसं नाही. दूरसंचार अधिनियम 2023 चं कलम 14 हे 26 जून 2024 पासून लागू आहे. जागेवर उभारलेलं दूरसंचार जाळं मालमत्ता करासाठीसुद्धा त्या मालमत्तेचा भाग धरायचं नाही, असं ते म्हणतं. त्यानंतरच्या काळाचं बिल असेल तर हरकतीची सुरुवात याच कलमाने करा.

आकड्याची हरकत रटाळ, पण जुन्या बिलावर तीच चालते. टॉवर कधी उभा राहिला, जागा किती अडली, करपात्र मूल्य कुठल्या भाड्यावर काढलं, एवढं तपासायला वकील लागत नाही. हरकत फेटाळली तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली अपील आहे, पण 15 दिवसांत, आणि वादातली रक्कम आधी भरून. तोपर्यंत दरमहा 2 टक्के शास्ती वाढत राहते ती वेगळीच.

आणि करारनामा! आमच्यात कर कंपनीने भरायचा असं स्पष्ट होतं, तरी बिल सोसायटीच्या नावावर. कंपनी नुसती ‘वर कळवलंय’ म्हणत राहिली. म्हणून हरकतीची प्रत कंपनीलाही पाठवा, आणि प्रभाग समितीत आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. आमच्या पहिल्या अर्जावर तो नव्हता, सगळं पुन्हा करावं लागलं.