राजापूरकडचं जुनं कौलारू घर घेतलं, एजंटच्या सर्व्हिसचा अनुभव

घराला पाचपैकी पाच, एजंटला दोन. घर म्हणजे जांभ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे विहीर आणि पाऊण एकरात आंबा, काजू, फणस, बघताक्षणी बायको म्हणाली हेच घ्यायचं. एप्रिलच्या दुपारीसुद्धा माजघरात गारवा, खरंच सांगतो.

पण एजंटने फक्त सातबारा दाखवला आणि म्हणाला सगळं क्लिअर आहे. आमच्या वकिलांनी जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढायला लावले तेव्हा कळलं की जमीन सामायिक आहे आणि दोन बहिणींची नावं वारस म्हणून लागलेलीच नाहीत, मग त्यांच्या सह्या मिळवण्यात आठ महिने गेले. बरं, सातबारा जमिनीचा असतो, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर बघावी लागते, हे पण त्याने सांगितलं नाही. आणि शेतजमीन घ्यायला आपल्याकडे 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, माझ्या नावावर वडिलोपार्जित जमीन होती म्हणून निभावलं.

टोकन द्यायच्या आधी सरकारी मोजणी करून घ्या, आणि एकदा तरी भर जुलैत जाऊन घर बघा, आमच्या वाशांना वाळवी आहे ते पहिल्या पावसात कौलं गळायला लागली तेव्हाच समजलं, आता सुतार शोधतोय.