ब्रिटिश गृह खात्याचा गुन्हेखर्च अहवाल: कोणते रकाने घ्यायचे, कोणते सोडायचे

ब्रिटिश गृह खात्याने २०१८ साली गुन्ह्यांच्या आर्थिक आणि सामाजिक खर्चाच्या अहवालाची दुसरी आवृत्ती काढली. पहिली २००० सालची. आकडे २०१५-१६ मधल्या इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. खऱ्या कामाचा आहे तो दर गुन्ह्यामागच्या खर्चाचा तक्ता: खून सुमारे ३२ लाख पौंड, बलात्कार ३९,३६०, जबरी चोरी ११,३२०, घरफोडी ५,९३०, फसवणूक १,२९०. व्यक्तींविरुद्धच्या गुन्ह्यांचा एकूण खर्च साधारण ५० अब्ज पौंड. हिंसक गुन्हे संख्येने एक तृतीयांश, पण खर्चात त्यांचा वाटा जवळजवळ तीन चतुर्थांश.

हे आकडे पाहून पीडिताच्या खिशातून एवढे पैसे गेले असं वाटतं. तसं नाही, आणि गफलत होते ती इथेच. तक्त्यात तीन थर एकत्र आहेत: गुन्हा होऊ नये म्हणून केलेला खर्च (कुलपं, अलार्म, विम्याचा कारभार), गुन्ह्यामुळे झालेलं नुकसान, आणि नंतर पोलीस-न्यायालयांवर पडणारा बोजा. पीडितापुरता हिशेब हवा असेल तर फक्त मधला थर घ्या. त्यातूनही सरकारी आरोग्यसेवेचा आणि पीडित-मदत सेवांचा खर्च वजा करा. बुडालेल्या कामाचा रकाना तपासून घ्या, कारण त्याचा काही भार मालक किंवा सरकार उचलतं. विम्याची भरपाई इथे खर्च धरलेली नाही. तो विमेदारांकडून पीडिताकडे गेलेला पैसा. म्हणून चोरीच्या मालाचा रकाना विमा असलेल्याच्या बाबतीत खिशाला बसलेल्या फटक्यापेक्षा मोठा दिसतो.

पहिल्या थरात एक गंमत दडली आहे. कुलपांवरचा सगळ्या घरांचा खर्च घरफोड्यांच्या संख्येने भागला जातो. म्हणजे कुलपं चालली आणि घरफोड्या कमी झाल्या, की दर घरफोडीमागचा खर्च वाढतो! दोन वर्षांची तुलना करताना हा रकाना बाजूला ठेवलेला बरा.

सर्वांत मोठा रकाना शारीरिक आणि मानसिक इजेचा. एकट्या खुनात तो २० लाख पौंडांच्या वर जातो. रीत अशी: इजा होण्याची शक्यता गुणिले आरोग्यात पडलेली घट गुणिले ती किती काळ टिकते. समजा, १०० पीडितांपैकी २० जणांना नैराश्य येतं, त्यांच्या आरोग्याचा दहावा हिस्सा जातो आणि हे सहा महिने चालतं. ०.२ × ०.१ × ०.५ म्हणजे दर पीडितामागे ०.०१ निरोगी वर्ष. त्याला एका निरोगी वर्षाच्या ठरवलेल्या किमतीने गुणायचं. भीती आणि उडालेली झोप पैशांत मोजायची ही पद्धत कुणाला कोरडी वाटेल, पण गृहीतकं उघड मांडलेली आहेत, त्यामुळे पटलं नाही तर आपला आकडा घालून पाहता येतो. अहवालाचं मोठं बळ तेच. मात्र समुपदेशनाची पावती, औषधं, बुडालेला पगार यांच्या बेरजेत हा रकाना मिसळू नका. वेगळ्या ओळीत दाखवा.

वापरताना हमखास होणाऱ्या चुका: पोलिसांकडच्या नोंदींना थेट दराने गुणणं, ही पहिली. अनेक गुन्हे नोंदलेच जात नाहीत, म्हणून आधी नोंदींना गुणकाने वाढवावं लागतं. दुसरी, २०१५-१६ च्या किमती आजच्या म्हणून वापरणं. तिसरी, दुसऱ्या देशासाठी नुसत्या विनिमय दराने आकडा बदलणं. पगार, उपचारांचा खर्च, विम्याचा प्रसार सगळंच निराळं असतं, तेव्हा पद्धत उचला आणि आकडे तिथलेच भरा.

एकट्या पीडिताच्या भरपाईच्या दाव्यासाठी हा तक्ता वापरू नये. फसवणुकीची सरासरी १,२९० असली, तरी कुणाचे किरकोळ पैसे जातात आणि कुणाची आयुष्यभराची पुंजी. सरासरी दोघांनाही लागू पडत नाही. एखाद्या उपक्रमाने किती नुकसान टळलं हे मांडायला मात्र तो उत्तम.

घरगुती छळासाठी त्याच खात्याचा २०१९ चा वेगळा अहवाल पाहावा लागतो. त्यात मार्च २०१७ अखेरच्या वर्षासाठी ६६ अब्ज पौंडांचा अंदाज आहे. तो या ५० अब्जांत मिळवू नका. घरातल्या मारहाणीचे बरेच गुन्हे दोन्हीकडे मोजलेले आहेत.